हेडसेटमधला रुग्ण आणि वॉर्डातला रुग्ण



डॉक्टरांच्या नावाने व्याख्यानमाला चालतात, देणगीदारांच्या नावाने इमारती उभ्या राहतात. एका परिचारिकेच्या स्मरणार्थ वर्षानुवर्षं व्याख्यानमाला चालावी, ही आपल्याकडे विरळा गोष्ट आहे. तिथे बोलायला बोलावलंत, याबद्दल मी संयोजकांची ऋणी आहे. विषय मला दिला गेला तो आभासी वास्तवाचा. आपल्या कॉलेजांत त्याला सगळे नुसतं ‘व्हीआर’ म्हणतात. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, हातात दोन कंट्रोलर धरायचे आणि समोर दिसणाऱ्या रुग्णाची सेवा करायची. यंत्र नवं आहे. ज्या प्रश्नावरचं ते उत्तर आहे तो प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि मी सुरुवात तिथूनच करणार आहे.

नवशिकी परिचारिका शिकते ती कोणाच्या अंगावर?

पहिलं इंजेक्शन कोणाला दिलं जातं? पहिलं कॅथेटर कोणाला घातलं जातं? शीर मिळत नाही म्हणून तिसऱ्यांदा सुई कोणाला टोचली जाते? इथे बसलेल्या प्रत्येक सिस्टरला याचं उत्तर ठाऊक आहे. खाजगी खोलीतला रुग्ण विद्यार्थिनीला दारातूनच परत पाठवू शकतो. जनरल वॉर्डातला शेतमजूर, बाळंतिणींच्या वॉर्डात जमिनीवरच्या गादीवर झोपलेली बाई ‘नको’ म्हणत नाही. तिला वाटतं, नको म्हटलं तर उपचारच मिळायचे नाहीत. आपल्या व्यवसायाचं कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या या माणसांच्या शरीरावर घडलं आहे. त्यांची परवानगी कोणी धड विचारली नाही आणि त्यांचे आभारही कोणी मानले नाहीत. म्हणून रुग्णाला न दुखवता शिकता येण्याची कुठलीही सोय पुढे आली की मी तिच्याकडे आधी आशेनेच पाहते.

अशी सोय शोधण्याचा प्रयत्न जुना आहे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या अध्यक्षतेखाली सेवासदन ही स्त्रीशिक्षणाची संस्था सुरू झाली. घराबाहेर पडून परिचर्या शिकणं हे चांगल्या घरच्या बाईचं काम आहे, हे पटवण्यातच तेव्हा इथल्या स्त्रियांची शक्ती खर्च होत होती. त्याच सुमारास, १९११ साली, अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुखांनी मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंकडे एक अजब मागणी केली : माणसाच्या उंचीची बाहुली करून द्या. मुलींना तिच्यावर अंथरूण बदलणं, कूस बदलणं, उचलणं शिकू दे. ती बाहुली ‘मिसेस चेस’ म्हणून जगभरच्या नर्सिंग शाळांत ओळखली गेली. पुढे तिच्या दंडाला इंजेक्शनची जागा आली, पोटात पाण्याची टाकी आली. १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी ‘रेसुसी ॲन’ घडवली. आपल्या स्किल लॅबमधल्या सगळ्या डमी याच दोघींच्या वंशातल्या.

इथे थोडी वाट वाकडी करते. एडविन लिंक नावाच्या अमेरिकन माणसाने १९२९ साली जमिनीवर बसून विमान उडवायला शिकवणारं यंत्र बनवलं. सुरुवातीला ते करमणुकीच्या बागांतला खेळ म्हणून विकलं गेलं. १९३४ साली लष्करी वैमानिकांकडे टपाल वाहण्याचं काम आलं, ढगाळ हवेत आणि रात्री एकामागून एक विमानं कोसळली, तरुण वैमानिक मेले, तेव्हा लष्कराने हे यंत्र विकत घेतलं. आज सिम्युलेटरवर पारखून घेतल्याशिवाय प्रवासी विमान कोणाच्या हाती देत नाहीत. मग रुग्णालयांना एवढा उशीर का लागला? याचं एक कारण उघड आहे, आणि ते बोलायला कठोर आहे. वैमानिक चुकला तर तो स्वतःही मरतो. आपण चुकलो तर मरतो तो रुग्ण, आणि आपण दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतो. १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने जाहीर केलं की त्या देशातल्या रुग्णालयांत दरवर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं टाळता येण्याजोग्या चुकांमुळे मरतात. त्यानंतर कुठे सिम्युलेशनकडे लोक गांभीर्याने पाहू लागले.

आता हेडसेटकडे येते. डोक्यावर बांधायचा पहिला पडदा आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली दाखवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. सामान्य ग्राहकाला घेता येतील असे चांगले हेडसेट बाजारात आले ते २०१६ च्या आसपास. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात, त्यामुळे खोली जाणवते. मान वळली की चित्रही वळतं. ते वळायला सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ लागला की डोळा एक सांगतो, कानातला तोल सांभाळणारा अवयव दुसरं सांगतो आणि माणसाला मळमळायला लागतं. तंत्रज्ञानाबद्दल एवढं पुरे. माझं खरं म्हणणं पुढे आहे.

माझं म्हणणं असं : हेडसेट कशासाठी विकत घ्यायचा, हेच आपल्याकडे चुकीचं ठरवलं जातं आहे. प्रात्यक्षिकात तो डमीची जागा घेईल, या समजुतीने आपण त्याच्याकडे पाहतो. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, कॅथेटर घालणं ही हाताची कामं त्यात शिकवायला जातो. पण हाताच्या कामात हेडसेट दुबळा आहे. तो जिथे बलवान आहे ती गोष्ट आज आपल्या वॉर्डात कोणीच शिकवत नाही. ती गोष्ट म्हणजे खालावत चाललेला रुग्ण वेळेत ओळखणं आणि आपल्या जबाबदारीवर निर्णय घेणं.

आठवून पाहा. वॉर्डात रुग्ण एकदम बिघडतो तेव्हा विद्यार्थिनीचं काय होतं? ‘बाजूला हो’ असं तिला सांगितलं जातं. बरोबरच आहे ते. तिथे जीव वाचवायचा असतो, वर्ग घ्यायचा नसतो. इनचार्ज सिस्टर धावते, स्टाफ धावतो, डॉक्टर येतात, पडदा ओढला जातो. मुलीला दिसतात फक्त पाठमोरी माणसं. कधी ‘ॲम्ब्यू आण’ म्हणून पिटाळलं जातं, कधी नातेवाइकांना बाहेर थांबवायला सांगितलं जातं. असे प्रसंग तिच्या चार वर्षांत येतात, आणि प्रत्येक वेळी ती पडद्याबाहेर असते. मग एक दिवस ती पास होते, नोकरीला लागते, आणि काही महिन्यांत रात्रपाळीला एकटी उभी राहते. वॉर्ड भरलेला, मदतीला एक मावशी, आणि डॉक्टर फोनच्या पलीकडे. आयुष्यात पहिल्यांदा निर्णय तिचा असतो. त्या रात्रीची तयारी आपण तिच्याकडून कधी करून घेतली?

ही तयारी हेडसेट करून घेऊ शकतो. प्रसंग साधा घ्या. पोटाच्या शस्त्रक्रियेचा दुसरा दिवस, रुग्ण पन्नाशीचा, रात्रीचे दोन. रुग्ण म्हणतो, ‘सिस्टर, जीव घाबरा होतोय.’ नाडी थोडी वाढलेली, रक्तदाब अजून ठीक, ताप नाही. श्वास? तो मोजावा लागतो. छातीकडे पाहत पूर्ण मिनिटभर उभं राहावं लागतं, आणि तेवढं आपल्याकडे फार थोडे जण करतात. ताप, नाडी, श्वास नोंदवायचा टीपीआर चार्ट काढून बघा, रेस्पिरेशनच्या रकान्यात ओळीने १८, २०, १८, २० टाकलेलं दिसेल. रुग्ण बिघडू लागल्याची खूण बऱ्याचदा सगळ्यांत आधी याच रकान्यात यायला हवी असते. मायामीतल्या एका मोठ्या रुग्णालयात हृदय बंद पडलेल्या ६४ रुग्णांचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांत आधीच्या आठ तासांत प्रकृती खालावल्याची किंवा नवी तक्रार सुरू झाल्याची नोंद कागदावर होती. म्हणजे मृत्यू अचानक आला नव्हता. तो येताना दिसत होता, लिहिलाही गेला होता. कृती झाली नव्हती. पुढे ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण देणारा एक राष्ट्रीय तक्ता आणला, तो याच दुखण्यावर. बेरीज वाढली की कोणाला बोलवायचं, हे ठरलेलं.

हेडसेटमधल्या त्या रात्री मुलगी एकटी असते. ‘श्वास मोज’ असं तिच्या कानात कोणी सांगत नाही. तिने मोजला नाही तर आकडा दिसत नाही. ती रुग्णाच्या मनगटावरची नावाची पट्टी न पाहता औषध द्यायला गेली तर यंत्र अडवत नाही, नोंद मात्र ठेवतं. कोणत्या मिनिटाला छातीकडे पाहिलं, डोकं उंच केव्हा केलं, ऑक्सिजन केव्हा लावला, शेजारच्या खाटेवरचा आजोबा ओरडू लागला तेव्हा कोणाकडे आधी गेली, डॉक्टरांना फोन केव्हा केला आणि फोनवर काय बोलली, हे सगळं.

फोनवर काय बोलली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायला आपल्या मुली कचरतात. रागावतील, ‘एवढ्यासाठी उठवलंस?’ म्हणतील, ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी वेळ जातो. आत्ता काय झालंय, आधी काय होतं, मला काय वाटतं, तुम्ही काय करायला हवं, अशा चार पायऱ्यांत निरोप देण्याची एक पद्धत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. आपल्या मुली पहिल्या दोन पायऱ्या म्हणतात. ‘मला वाटतं, रुग्णाला रक्तस्राव होतोय, तुम्ही आत्ता यायला हवं’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघत नाही. ते निघायला धीर लागतो. आणि धीर सरावाने येतो.

आणखी एक. वॉर्डात कोणाला काय बघायला मिळेल, हा नशिबाचा भाग असतो. एका मुलीच्या पोस्टिंगमध्ये बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव येतो, दुसरीच्या येत नाही. दोघी एकाच प्रमाणपत्रावर बाहेर पडतात आणि दोघींना पुढे तोच प्रसंग सांभाळावा लागतो. हेडसेट वर्गातल्या प्रत्येकीला तोच प्रसंग देऊ शकतो, आणि हवा तितक्या वेळा. गडचिरोलीतल्या मुलीला आणि मुंबईतल्या मुलीला सारखाच. ही समानता लहान नाही.

(यंत्रातल्या रुग्णाला मरू द्यावं का, असा वाद शिक्षकांत आहे. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या वर्षाला मुळीच नको. शेवटच्या वर्षाला क्वचित, आणि शिक्षक शेजारी बसलेला असेल तरच. मुलीला हादरवणं म्हणजे तिला शिकवणं, असं मी मानत नाही.)

आता दुसरी बाजू. मित्रहो, हाताचं काय?

शीर डोळ्यांनी सापडत नाही, बोटाने सापडते. दाबली की ती परत वर येते. नळीसारखी कडक झालेली शीर तशी येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची शीर बोटाखालून निसटते. पायावरची सूज दाबून पाहिली की खळगा राहतो. बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवला की गर्भाशय घट्ट झालंय की सैल पडलंय, हे तळव्याला कळतं आणि त्या एका जाणिवेवर तिचा जीव अवलंबून असतो. वयस्क माणसाच्या कातडीवरून चिकटपट्टी किती हलक्या हाताने काढायची, घामेजलेल्या अंगाचा गारवा कसा असतो, हे सांगून समजत नाही. कंट्रोलरला यातलं काय देता येतं? तो थरथरतो. बस. हेडसेटमध्ये शंभर वेळा सलाईन लावलेल्या मुलीने माझ्या लेखी एकदाही सलाईन लावलेलं नाही. क्रम तिला पाठ झाला, तो उपयोगाचा आहे. पण ‘मला येतं’ हा जो विश्वास तिच्यात आला, तो रुग्णासाठी धोक्याचा आहे.

हाताच्या शिक्षणासाठी कितीतरी साधी साधनं आहेत. ‘मामानॅटली’ नावाचं एक साधन आहे. शिक्षिकेने ते पोटाला बांधायचं आणि बाळंतिणीची भूमिका करायची. कृत्रिम रक्त वाहू लागतं, आतलं गर्भाशय ती घट्ट किंवा सैल करू शकते. विद्यार्थिनीला पोटावर हात ठेवावा लागतो, चोळावं लागतं आणि त्याच वेळी घाबरलेल्या बाईशी बोलावं लागतं. रक्तस्रावात हाताने काय करायचं, हे शिकवण्यात कुठलाही हेडसेट आज याच्या जवळपास येत नाही. विजेची गरज नाही, चांगल्या शिक्षिकेची मात्र आहे.

आणि स्पर्शाबद्दल बोलताना महाराष्ट्राला एक नाव विसरता येत नाही. अरुणा शानबाग. स्वतः परिचारिका. १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पण अरुणा यांना बेडसोर होऊ दिला नाही. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेची मनापासून प्रशंसा केली. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसणं, भरवणं, हे दशकानुदशकं. या कामाचा आराखडा कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घालता येईल. पण ते करत राहण्याची वृत्ती एका सिस्टरकडून दुसऱ्या सिस्टरकडे, रुग्णाच्या खाटेजवळच गेली.

मग पुरावा काय म्हणतो? अमेरिकेतल्या नर्सिंग परिषदांच्या राष्ट्रीय संस्थेने दहा शिक्षणसंस्थांत एक मोठा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तासांच्या जागी चांगलं सिम्युलेशन दिलं, तरी विद्यार्थ्यांचं ज्ञान, कौशल्य आणि परवाना परीक्षेचा निकाल यांत फरक पडला नाही, असं त्यात दिसलं. हा निष्कर्ष तुमच्यापुढे कोणी हेडसेट विकायला आणला, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तो अभ्यास मुख्यतः डमी आणि रुग्णाची भूमिका करणारी माणसं यांच्यावरचा होता, हेडसेटवरचा नव्हता. आणि त्या सिम्युलेशनमागे खास प्रशिक्षण दिलेले शिक्षक होते, प्रत्येक प्रसंगानंतर ठरलेल्या पद्धतीने सविस्तर चर्चा होत होती.

या चर्चेला डीब्रीफिंग म्हणतात, आणि जाणकार एकमुखाने सांगतात की शिकणं तिथेच घडतं. ‘तू श्वास मोजला नाहीस’ असं सांगून काही होत नाही. ‘त्या क्षणी तुझं लक्ष कशाकडे होतं? तुला काय वाटत होतं?’ असं विचारावं लागतं. मुलगी म्हणते, ‘मॅडम, रक्तदाब ठीक होता, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे.’ सापडली चूक. ती हाताची नव्हती, समजुतीची होती. रक्तदाब शेवटी पडतो, तोवर शरीर सावरून धरत असतं, हे तिला त्या दिवशी कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. हे संभाषण यंत्र करू शकत नाही. त्यासाठी वॉर्ड पाहिलेली, न रागावता विचारू शकणारी ट्यूटर लागते. आज आपल्याकडे एका ट्यूटरच्या मागे किती विद्यार्थिनी असतात, हे मी या सभागृहात वेगळं सांगायला नको.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सत्रपद्धत आणली आणि सिम्युलेशनला रीतसर जागा दिली. गुरुग्रामला राष्ट्रीय संदर्भ सिम्युलेशन केंद्र उभं आहे. दिशा योग्य आहे. फोन बसवता येईल अशा स्वस्त चष्म्यांनी नवजात बाळाला श्वास देण्याचं शिक्षण केनिया आणि नायजेरियातल्या परिचारिकांवर आजमावलं गेलं आहे, तेव्हा पैसे नाहीत ही सबबही फार दिवस टिकणार नाही. प्रश्न आहे तो आत काय दाखवायचं याचा. तयार मिळणारे प्रसंग बहुधा परदेशी. रुग्ण एकटा, स्वच्छ खोलीत, इंग्रजीत नेमकी तक्रार सांगणारा. आपला रुग्ण असा बोलतो का? तो म्हणतो, ‘कसंतरीच होतंय.’ त्याची बायको बोलते, मेहुणा बोलतो, तो गप्प असतो. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेल्या बाईला मराठीही नीट येत नसते. खाटा एकमेकींना लागून, पंख्याचा आवाज, ऑक्सिजनचा सिलिंडर शेजारच्या वॉर्डातून ओढत आणायचा. हे प्रसंग कोण लिहील? निवृत्त इनचार्ज सिस्टर लिहितील. रुग्ण कसा बिघडतो, याचं त्यांच्याजवळचं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही, आणि त्यांच्यानंतर ते कोणाकडेच राहणार नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने त्यांना एकत्र बसवावं, प्रसंग लिहून घ्यावेत आणि राज्यातल्या सगळ्या कॉलेजांना विनामूल्य द्यावेत, अशी माझी जाहीर विनंती आहे. बारीकसारीक गोष्टीही याच बैठकीत ठरतील : अंबाडा घातलेल्या मुलीच्या डोक्यावर पट्टा कसा बसवायचा, एकीच्या चेहऱ्यावरचा हेडसेट दुसरीला देण्याआधी कसा पुसायचा. संसर्ग टाळायचं शिक्षण देताना आपणच संसर्ग पसरवणं योग्य नव्हे.

शेवटी माझी एक भीती सांगते. हेडसेटच्या तासांना वॉर्डाचे तास म्हणून मोजायचा मोह होईल. स्वतःचं रुग्णालय नसलेल्या कॉलेजांना तो सगळ्यांत जास्त होईल. एका जिल्हा रुग्णालयात चार कॉलेजांच्या मुली एका खाटेभोवती उभ्या आहेत, मग अर्ध्यांना हेडसेट देऊ, असं म्हटलं जाईल. त्याला विरोध करा. आणि सिम्युलेशनने हुशार झालेली सिस्टर एकटी दुप्पट रुग्ण सांभाळेल, असंही कोणी म्हणू नये. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात लिंडा एकन यांनी २००२ साली दाखवून दिलं की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. बिघडलेला श्वास ओळखायला शिकवलं, तरी तो मोजायला तिला मिनिटभर उभं राहता आलं पाहिजे.

इथे संस्थाचालक बसले आहेत, प्राचार्य बसल्या आहेत. पुढच्या वर्षी तुमच्या टेबलावर हेडसेट खरेदीचा प्रस्ताव येईल. तो मंजूर करा. पण त्याच कागदावर ट्यूटरच्या रिकाम्या जागा भरण्याचा प्रस्तावही लिहून घ्या, आणि दोन्हींसाठी पैसे पुरत नसतील, तर आधी ट्यूटर नेमा.